घोड्यासमोर उभं राहताना

स्वीडनमधल्या काही संशोधकांनी एकदा अगदी साधा प्रयोग रचला. काही जणांनी घोडा हाताने धरून चालवत न्यायचा, काहींनी त्याच्यावर बसून जायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बस्स. माणसाच्या आणि घोड्याच्या हृदयाचे ठोके मोजले जात होते. तीन फेऱ्या बिनघोर पार पडल्या. चौथ्या फेरीआधी माणसांना सांगण्यात आलं, की घोडा जवळ येताच वाटेतला मदतनीस या वेळी छत्री उघडणार आहे. तबेल्यात चार दिवस काढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. फट्‌कन उघडलेली छत्री म्हणजे बुजलेला घोडा, आणि बुजलेला घोडा म्हणजे जमिनीवर आपटलेला स्वार. प्रत्यक्षात छत्री उघडलीच गेली नाही. चौथी फेरी आधीच्या तिन्हींसारखीच सरळ होती. तरीही माणसांचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही. स्वारांनी लगाम जरा आखडून धरला होता, तेवढं निरीक्षकांच्या लक्षात आलं. घोडा हाताने नेणाऱ्यांच्या वागण्यात मात्र त्यांना काहीच वेगळं आढळलं नाही. घोड्यांना आढळलं होतं.

लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. घोड्यांच्या सोबतीने माणसाच्या मनावर आणि स्वभावावर काम करण्याचं जे क्षेत्र गेल्या काही दशकांत उभं राहिलं, त्याची ओळख करून घ्यायला ही जागा बरी. कारण या विषयाभोवती गूढतेचा पसारा फार. घोडा मनातलं ओळखतो, घोडा आत्म्याचा आरसा असतो, घोड्यासमोर खोटं टिकत नाही, अशा वाक्यांनी माहितीपत्रकं भरलेली असतात. खरी गोष्ट याहून साधी आहे. घोडा माणसाचं अंग वाचतो: श्वास, खांदे, हाताची पकड, पावलांची लय. आणि हे तो माणसाच्या भल्यासाठी करत नाही, स्वतःचा जीव सांभाळण्यासाठी करतो. पुढचं सगळं या स्वार्थावर उभं आहे.

उघड्या माळावर कळपाने चरणारा आणि दुसऱ्याचं भक्ष्य होणारा हा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांचा परिसर दिसतो. शेपटीच्या थेट मागचा आणि नाकासमोरचा थोडा भाग तेवढा सुटतो. दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरतात. उभ्याउभ्या डुलकी घेता यावी म्हणून पायांत सांधे अडकवून ठेवण्याची सोय आहे. विसावलेल्या घोड्याचं हृदय मिनिटाला साधारण तीस-चाळीस ठोके टाकतं, पण धोक्याची चाहूल लागली की क्षणात सगळं शरीर पळायला तयार. कळपातला एक दचकला तर बाकीच्यांनी कारण विचारत थांबायचं नसतं. पागेत शिरणारा माणूसही त्याच्या लेखी याच हिशेबात मोडतो: हा जो दोन पायांवर आत आलाय, त्याच्या अंगात ताण आहे की नाही?

हे वाचन किती बारीक असू शकतं, याची नोंद शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये झाली, आणि तीही वेगळंच काहीतरी शोधताना. विल्हेल्म फॉन ओस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी आपल्या हान्स नावाच्या घोड्याला अनेक वर्षं अंकगणित शिकवलं होतं. अंगणात लोक जमत, प्रश्न विचारत, आणि हान्स पुढच्या खुराने जमिनीवर टाप मारून उत्तर देई. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, तारखा. फॉन ओस्टेन त्याचे पैसे घेत नसत, त्यामुळे लबाडीचा संशय घ्यायला फारशी जागा नव्हती. १९०४ साली जाणकारांची एक समिती बसली. तिलाही हातचलाखी सापडली नाही.

मग मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या हाताखालच्या ऑस्कर प्फुंग्स्ट यांनी प्रश्न उलटा केला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर? त्या क्षणी हान्सचं गणित कोसळलं. विचारणारा त्याला दिसेनासा केला, तरीही तेच. प्फुंग्स्टनी चिकाटीने शोधून काढलं, की टापांची संख्या बरोबर आकड्यावर पोचली की विचारणाऱ्याचं डोकं अगदी किंचित वर होतं, अंगातला ताण सैल पडतो, आणि घोडा नेमका तिथे थांबतो. हे आपण करतो आहोत याचा विचारणाऱ्यांना पत्ताच नसे. पुढे प्रयोगशाळेत प्फुंग्स्ट स्वतः घोड्याच्या जागी बसले, समोरच्या माणसाने मनात धरलेला आकडा हाताने ठोकू लागले, आणि केवळ त्याच्याकडे बघून बरोबर जागी थांबू लागले. त्यांचं पुस्तक १९०७ मध्ये आलं. तेव्हापासून मानसशास्त्राच्या वर्गांत हान्सची गोष्ट सावधगिरीची म्हणून सांगतात: प्रयोग करणाऱ्याच्या अपेक्षा प्रयोगात झिरपतात, सांभाळा. फॉन ओस्टेन बिचारे खट्टू झाले. आपल्या घोड्याने आपल्याला फसवलं असंच त्यांना वाटत राहिलं, असं म्हणतात. खरं तर फसवणूक कुणीच केली नव्हती. घोड्याला गणित येत नव्हतं, पण माणूस येत होता, आणि त्या काळात या दुसऱ्या विद्येची किंमत कुणी केली नाही.

अलीकडे ती होते आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये २८ घोड्यांना अनोळखी माणसांच्या हसऱ्या आणि रागीट चेहऱ्यांची मोठी छायाचित्रं दाखवली. रागीट चेहऱ्याकडे घोडे डाव्या डोळ्याने बघण्याकडे झुकत, आणि त्यांचे ठोके लवकर चढत. डाव्या डोळ्याने दिसलेलं मेंदूच्या उजव्या भागात जातं, आणि बऱ्याच प्राण्यांत धोक्याची दखल तिथे घेतली जाते. दोन वर्षांनी याच मंडळींनी पुढचं पाऊल टाकलं. आधी ज्याचं रागीट छायाचित्र दाखवलं, तोच माणूस काही तासांनी निर्विकार चेहऱ्याने समोर आणला. घोड्यांनी त्याच्याकडे सावधपणे पाहिलं. घोड्याने कोणतं छायाचित्र पाहिलं आहे, हे त्या माणसाला सांगितलेलं नव्हतं. हान्सची आठवण ठेवूनच प्रयोगाची आखणी झाली होती.

आता प्रत्यक्ष कामाकडे. बाहेरच्याला पहिला धक्का बसतो तो याचा, की यातला बराचसा भाग घोड्यावर न बसताच होतो. अमेरिकेत १९९९ मध्ये सुरू झालेल्या इगाला या संस्थेच्या पद्धतीत तर स्वारी नाहीच. मानसोपचाराचं शिक्षण घेतलेली एक व्यक्ती, घोड्यांची जाण असलेली दुसरी, आणि रिंगणात एक-दोन मोकळे घोडे. आलेल्या माणसाला काम दिलं जातं: या घोड्याला त्या कोपऱ्यापर्यंत न्या. कधी दोरी असते, कधी नसते. किंवा नुसता खरारा करा, मोहरकी चढवा, खूर उचलून साफ करा.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण साडेचारशे किलोंचं जनावर ओढून हलत नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. जो माणूस कार्यालयात आवाज चढवून कामं करून घेतो, तो इथेही आवाज चढवतो; घोडा मान वर करतो, कान मागे टाकतो आणि दूर सरकतो. जिला कुणाकडे काही मागायचीच सवय नाही, ती दोरी इतकी सैल धरते की घोडा खुशाल गवत खात राहतो. दोघांनाही कुणी व्याख्यान दिलेलं नसतं. मग सोबतचा उपचारक विचारतो, आत्ता काय झालं? उत्तर बहुधा घोड्याबद्दल सुरू होतं, ‘तो ऐकत नाही’, ‘त्याला मी आवडत नाही’, आणि थोड्या वेळाने घरातल्या, नोकरीतल्या कुणाच्या तरी नावावर येऊन थांबतं. पुढच्या प्रयत्नात श्वास जरा खाली उतरतो, पाय जिकडे जायचं तिकडे वळतात, नजर घोड्याच्या तोंडावरून हटून कोपऱ्याकडे लागते, आणि घोडा चालू लागतो. वर्षानुवर्षं सल्ले ऐकून कंटाळलेल्या माणसाला इथे काहीतरी ताबडतोब आणि अंगावर कळतं, हे या पद्धतीचं बळ आहे.

म्हणूनच घोडा माणसाला पारखत नाही, तो आहे तसा स्वीकारतो, हे लाडकं वाक्य जपून घ्यावं. घोडा क्षणोक्षणी पारखतच असतो. मात्र त्या पारखण्यात पगार, शिक्षण, गुन्ह्याची नोंद किंवा चेहऱ्यावरचे व्रण येत नाहीत, आणि माणसाचा पवित्रा बदलला की घोड्याचा प्रतिसादही बदलू शकतो. माणसामाणसांत अशी दुरुस्ती इतक्या झटपट क्वचितच मिळते.

या क्षेत्राची दुसरी शाखा स्वारीची. ती वयाने मोठी आहे, आणि तिच्या मुळाशी एका डॅनिश बाईचा हट्ट आहे. लिस हार्टेल नावाजलेल्या स्वार होत्या. १९४४ मध्ये, तेविसाव्या वर्षी, गरोदर असताना त्यांना पोलिओ झाला. मुलगी सुखरूप जन्मली. आईचे पाय मात्र गुडघ्यांखाली कायमचे लुळे पडले. डॉक्टरांच्या मते काठ्यांच्या आधाराने चालता आलं तरी पुष्कळ होतं. हार्टेल यांनी पुन्हा घोड्यावर बसायचं ठरवलं. ड्रेसाज या प्रकारात घोड्याला टाचेने आणि पोटरीने बारीक इशारे द्यावे लागतात, आणि नेमकं तेच त्यांना शक्य नव्हतं. मग त्यांनी मांड्या, पाठ आणि वजनाचा तोल यांच्यावरच इशाऱ्यांची नवी भाषा बसवली, आणि ज्युबिली नावाच्या घोडीने ती शिकून घेतली.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकपर्यंत हा खेळ फक्त लष्करी अधिकाऱ्यांना खुला होता. त्या वर्षी पहिल्यांदाच स्त्रियांना आणि बिगरलष्करी स्वारांना दार उघडलं. हार्टेल यांना घोड्यावर चढायला आणि उतरायला दुसऱ्याचा हात लागत होता. त्यांनी पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धेत उतरून रौप्यपदक मिळवलं. सुवर्णपदक जिंकलेले स्वीडनचे हेन्री सेंट सीर यांनी त्यांना पदकाच्या चौथऱ्यावर चढायला मदत केली. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, पुन्हा रौप्य. पोलिओची धास्ती घेतलेल्या युरोपात या बातमीने फिजिओथेरपीच्या वर्तुळात चर्चा सुरू झाली. १९६९ साली ब्रिटनमध्ये अपंगांच्या घोडेस्वारीची राष्ट्रीय संघटना आकाराला आली आणि त्याच वर्षी उत्तर अमेरिकेतही तशीच संस्था निघाली. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये हिप्पोथेरपी नावाने याच स्वारीचा वैद्यकीय अवतार घडत होता.

त्यामागचं शास्त्र समजायला सोपं आहे. चालणाऱ्या घोड्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि बाजूला अशी तिन्ही अंगांनी हलते, आणि ती हालचाल स्वाराच्या कंबरेला जवळजवळ माणसाच्या चालण्यासारखी मिळते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या ज्या मुलाला स्वतः चालता येत नाही, त्याच्या धडाला, कंबरेला, तोल सांभाळणाऱ्या स्नायूंना इथे चालण्याचा अनुभव येतो, तोही मिनिटाला शंभरएक पावलं या गतीने. शिवाय एरवी चाकांच्या खुर्चीतून सगळ्यांकडे मान वर करून बघणारं मूल इथे सगळ्यांच्या वर असतं. पालक आधी या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतात. साहजिक आहे.

हिप्पोथेरपी फिजिओथेरपिस्टच्या किंवा तशाच प्रशिक्षित उपचारकाच्या देखरेखीखाली होते. मनाच्या कामासाठी उपचारक लागतो मनाचा. आणि स्वतःची वाढ, नेतृत्व, आत्मविश्वास वगैरेंसाठी चालणाऱ्या शिबिरांना यांपैकी कुणीच नसलं तरी अनेक ठिकाणी कायदा आड येत नाही. वाचकाने हे तीन प्रकार मनात वेगळे ठेवले, तर बराच गोंधळ टळतो.

आता पुरावा. इथे घोडं पेंड खातं. २०१४ मध्ये मायकेल ॲनेस्टिस आणि सहकाऱ्यांनी मानसिक विकारांवरच्या घोडा-उपचारांचे तोवरचे अभ्यास तपासले आणि कडक निकाल दिला: गट लहान, तुलनेला दुसरा गट नाही, आणि असला तरी सुधारणा घोड्यामुळे की मोकळी हवा, नवेपणा आणि मिळालेलं लक्ष यांमुळे, हे सांगता येत नाही. या विषयावर प्रेम करणाऱ्यांना हा लेख आवडला नाही. पण आक्षेप रास्त होता, आणि त्यानंतरचे चांगले अभ्यास त्याच आक्षेपाला उत्तर देत घडले.

त्यांतला एक सांगण्यासारखा. कोलोरॅडोत रॉबिन गॅब्रिएल्स यांच्या गटाने स्वमग्न मुलांचे, वय सहा ते सोळा, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाने दहा आठवडे घोडेस्वारी शिकली. दुसऱ्या गटातली मुलंही दहा आठवडे त्याच केंद्रावर येत, घोड्यांबद्दल तेच शिकत. फक्त त्यांच्यापुढे खऱ्या घोड्याऐवजी खऱ्याच आकाराचा कापूस भरलेला घोडा असे. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. स्वारी करणाऱ्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता तुलनेने कमी झाली होती, बोलण्यातले शब्द वाढले होते. कापसाच्या घोड्याची ही कल्पना ज्याला सुचली, त्याला दाद द्यावी. जागा, माणसं आणि विषय सारखे ठेवून नेमका जिवंत घोडाच तेवढा बाजूला काढला.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांवरचं काम याच्या एक पायरी मागे आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मॅन ओ’ वॉर प्रकल्पात आघातोत्तर तणावाने त्रस्त ६३ माजी सैनिकांनी दर आठवड्याला दीड तास, अशी आठ सत्रं केली. २०२१ च्या अहवालानुसार निम्म्याहून किंचित जास्त जणांच्या लक्षणांत ठळक घट झाली आणि तीन महिन्यांनंतरही ती टिकलेली दिसली. पण इथे तुलनेचा गट नव्हता, हे संशोधकांनीच नोंदवलं आहे. एक गोष्ट मात्र आकड्यांपलीकडची: या आजाराच्या नेहमीच्या उपचारांतून सैनिक मोठ्या संख्येने मध्येच निघून जातात, आणि इथे फार थोडे गेले. ज्या माणसाला बंद खोलीत खुर्चीवर बसून आठवणी उकरायच्या नाहीत, तो घोड्याला खरारा करायला पुन्हा येतो.

उपचार हा शब्दही न उच्चारता हेच काम करणाऱ्या जागा आहेत, आणि त्या कदाचित सगळ्यांत बोलक्या. नेवाडात कार्सन सिटीच्या तुरुंगात कैदी रानटी मस्टँग घोडे माणसाळवतात. सरकारने माळावरून धरून आणलेला घोडा, साधारण चार महिने, आणि शेवटी लिलाव. यांतल्या अनेक कैद्यांनी आधी कधी घोड्याला हातही लावलेला नसतो. न्यूयॉर्क राज्यात वॉलकिलच्या तुरुंगात १९८४ पासून शर्यतीतून बाद झालेल्या घोड्यांची देखभाल कैदी करतात. मांस म्हणून विकले जाण्याचा धोका असलेल्या जनावरांसाठी एका प्राणिप्रेमी संस्थेने ही वाट काढली. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमध्ये, टोळीयुद्धांसाठी बदनाम असलेल्या भागात, मयिशा अकबर यांनी १९८८ मध्ये मुलांसाठी घोड्यांचा गट सुरू केला. शाळेत जायचं, तर घोडा मिळणार. सकाळी कुणीतरी आपली वाट बघत फुरफुरतंय, आणि आपण गेलो नाही तर ते उपाशी राहील, ही जबाबदारी पंधरा वर्षांच्या पोराच्या दिवसाला आकार देते. याला मानसशास्त्र म्हणावं की नुसती शिस्त, याची चिंता त्या पोराने करायची नाही.

महाराष्ट्रात घोड्याची ओळख नवी नाही. दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात भरणारा घोडेबाजार, वारीच्या रिंगणात धावणारा माउलींचा अश्व, मोटारींना बंदी असलेल्या माथेरानची लाल वाट, महालक्ष्मीचं आणि पुण्याचं रेसकोर्स. घोडा इथे कायम कुठल्या ना कुठल्या कामाला जुंपलेला आहे. त्याच्या सोबतीने माणसाचं मन सांभाळण्याचा विचार मात्र अलीकडचा आणि शहरी, थोडा महागडाही. त्यात एक माणूस हमखास विसरला जातो: घोड्याची रोजची निगा राखणारा मोतद्दार. घोडा आज कान कसे धरतोय, दाणा का उरवतोय, कोणत्या पोराला पाठीवर घेईल आणि कोणाला नाही, हे मोतद्दाराला शिबिर न करता कळतं. परदेशी प्रमाणपत्र घेतलेल्या प्रशिक्षकाने त्याला केवळ दोरी धरायला उभं करावं, यात सगळ्यांचंच नुकसान आहे.

आणि शेवटी ज्याच्या जिवावर हे चालतं, तो घोडा. शांत उभा घोडा नेहमी शांत असतोच असं नाही. वर्षानुवर्षं अननुभवी हातांनी ओढलेला, प्रतिकार करून उपयोग नाही हे शिकलेला घोडाही तसाच उभा राहतो: नजर स्थिर, नाकपुड्यांभोवतीची कातडी आवळलेली, कान कशालाही न वळणारे. असा घोडा नवख्याला फार समजूतदार वाटतो. उपचाराच्या कामातल्या घोड्यांच्या रक्तातली, लाळेतली तणावाची द्रव्यं मोजणारे अभ्यास आता होतात, आणि नीट चाललेल्या केंद्रांत त्यांचा ताण फारसा वाढत नाही, असं बहुतेक वेळा दिसतं. ‘नीट चाललेल्या’ या शब्दांवर जोर आहे. घोड्याला सोबतीला दुसरे घोडे लागतात, दिवसाचा मोठा भाग चरायला लागतो, मोकळं हिंडायला जागा लागते. चोवीस तास ठाणाला बांधलेला घोडा लाकूड चावू लागतो, जागच्या जागी डुलू लागतो. स्वाराचं आणि खोगिराचं मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं, हा ढोबळ नियमही उत्साहाच्या भरात मोडला जातो.

तेव्हा एखाद्या केंद्रात पाऊल टाकणाऱ्याने चौकशी करावी ती अशी. मूल घोड्यावर असताना दोन्ही बाजूंनी चालणारे मदतनीस आहेत का, डोक्यावर शिरस्त्राण आहे का? डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मानेच्या मणक्यांची तपासणी झाल्याशिवाय त्याला वर बसवत नाहीत ना? घोड्याने पाठ फिरवली, तो निघून गेला, तर सत्र थांबतं की त्याला दोरीने परत आणतात? घोडा दिवसातून किती तास काम करतो, आणि उरलेल्या वेळात कुणासोबत असतो? घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो, पाठीवर माणूस घेण्याचं वय त्याच्या बरंच आधी संपतं. त्यानंतरची त्याची वैरण कोण भरतं, हेही विचारून घ्यावं. बहुतेक माहितीपत्रकांत ते लिहिलेलं नसतं.